काचपेटीतले हात

तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत काचपेटीत होते, तेव्हाच सर आले. ते नेहमी तेव्हाच यायचे.

पेटीला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांतून तिने एका हाताने गाळणीची नळी धरली होती, दुसऱ्याने पोलादी डबा. वरच्या चंबूतला द्रव थेंबाथेंबाने डब्यात उतरत होता. पाण्यासारखा रंगहीन, पण हवा लागली की पेट घेणारा. म्हणून पेटीत नुसता नायट्रोजन. त्याची वाफ तापलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर सोडली की धातूचा केसाहून कितीतरी पातळ थर बसायचा. इतका शुद्ध द्रव प्रयोगशाळेत तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हता. तीच तर पंचाईत होती.

"माझ्या कार्यमुक्तीचं काय झालं, सर? आज संध्याकाळपर्यंत कळवलं नाही तर नव्या नोकरीचे लोक दुसरी कोणी बघतील."

"बघू देत. इथे काय कमी आहे तुला?" सरांनी स्टूल ओढलं. "हा द्रव बघ. बाटलीत वर्षभर ठेव, बिघडत नाही. वाफ कर, तुटत नाही. चकतीला टेकला की मगच मोडतो. माणसानं असं असावं."

तिच्या खिशात फोन थरथरला. आई असणार. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती एकटीच होती आणि नवी नोकरी तिच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. सरांना हे माहीत होतं. "आईंना इकडेच आण की," ते मागे म्हणाले होते, तेव्हाही हिचे हात आतच होते. नळी सोडून भांडता येत नाही. नळी निसटली तर महिन्याची मेहनत पेटीच्या तळाशी.

ती चंबूकडे बघत राहिली. सर बोलत राहिले. फोन पुन्हा थरथरला.

"सर, खांदा भरून आलाय. पलीकडच्या हातमोज्यांतून जरा धरता?"

त्यांनी नाइलाजाने बाह्या सारल्या, हात घातले, नळी आणि डबा धरला. तिने आपले हात बाहेर काढले. घामाने बोटं पांढरीफटक पडली होती. सरांचा फोन टेबलावर होता. तिचा अर्ज त्यात मंजुरीवाचून पडून होता. तिने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. चेहरा ओळखून तो उघडला. तिने त्यातला अर्ज काढला.

"हे काय?"

"मंजूर करू?"

"आधी हे धर. मग बोलू."

"आधी हे. मग धरते."

सरांनी नळी आणखी घट्ट धरली. नळीवरची नजर काढायची सोय नव्हती. "कर बाई, कर. पण लवकर ये, सांडेल."

तिने बटण दाबलं. फोन जागेवर ठेवला. अ‍ॅप्रन काढून खुंटीला अडकवला.

"अगं, निघालीस कुठे? सांडेल म्हणतोय ना."

"चंबू मघाशीच रिकामा झालाय, सर. फक्त डब्याला झाकण लावायचंय. तेवढं तुम्हाला जमेल."