मधला बाण

गोरेगावच्या बाजारओळीत शालीकरामचा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं तो लग्नांचे फोटो काढायचा आणि बायको, दुर्गेश्वरी, त्याच्या मागे लाइट धरून उभी राहायची, त्यामुळे ती एकाही फोटोत आली नाही. मागच्या साली ती वारली, तेव्हा भिंतीवर लावायला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करावा लागला.

आज शेजारच्या गावचा योगराज मोबाइलमधला एका जुन्या लग्नाच्या पंगतीचा काळपट फोटो घेऊन आला. "आबाचा चेहरा दिसला पायजे, भाऊ. तेरवीले लावाचा हाये."

शालीकरामनं फोटो संगणकावर घेतला, उजेड कमी-जास्त करायचं लेव्हल्स उघडून त्यातला मधला बाण हळूहळू डावीकडे सरकवला. अंधार फिटत गेला. आधी जेवायला बसलेले आबा उजळले, मग त्यांच्या मागे, लाइट खांद्यावर टेकवून कुणाकडे तरी बघून हसणारी दुर्गेश्वरी. त्याचा हात माउसवरच राहिला.

"मांगची बाई कोन होय?" योगराज म्हणाला. "काढून टाका तिले."

शालीकरामनं तिला काढून टाकलं आणि फोटो छापून दिला.

योगराज गेल्यावर त्यानं मूळ फोटो पुन्हा उघडला, मधला बाण तेवढाच सरकवला,

आणि आबांना काढून टाकलं.