कप्तानाचा खोकला

“पुसलीत तुम्हीच, आणि आता सापडली म्हणून आम्हालाच विकता?” चष्मेवाली पडद्यावरच्या बोधचिन्हाला म्हणाली. “लाज आहे का काही?”

बोधचिन्ह गोल फिरलं आणि गेलं. वाहिन्यांना लाज नसते. त्या ब्रिटिश वाहिनीने स्वतःच्याच विज्ञानमालिकेचे भाग पुसले आणि त्याच टेपांवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. का, तर टेप महाग. कुठला घोडा जिंकला ते आज कुत्रंही विचारत नाही. मालिकेला मात्र माणसं अजून कवटाळून बसली आहेत.

त्यातली तिघं या खोलीत होती. चष्म्यांचं दुकान चालवणारी ही, शहरात बस चालवणारा तिचा शाळासोबती, आणि दातांची डॉक्टर. दर रविवारी एकेक भाग. मूळ मालिका संपली की तिच्यातून फुटलेल्या दोन उपमालिका, त्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. पुसलेला भाग आला की पडदा काळा ठेवून नुसता आवाज ऐकायचा, हा नेम.

मूळ मालिकेच्या शेवटच्या भागाचा आवाज चष्मेवालीकडचा. लहानपणी टीव्हीसमोर माईक धरून तिने तो कॅसेटवर टिपला होता. त्या भागाचं जगात तेवढंच उरलं होतं. कप्तानाचं यान आदळतं, स्फोट होतो, मग शांतता. आणि त्या शांततेत एक खोकला.

या खोकल्याने देशोदेशीच्या चाहत्यांत दोन तट पाडले. उपमालिकेत कप्तानाची मुलगी म्हणते, बाप यानातच गेला. चष्मेवाली म्हणे, मेलेला माणूस खोकतो का? वाचला तो. बसवाला पहिल्यापासून ‘मेला’ पक्षाचा.

“खोकला तुझाच,” तो आज पुन्हा म्हणाला. “तेव्हा तुझ्या नाकाला बारमाही धार असायची. अख्खा वर्ग साक्षीदार आहे.”

“मी श्वास रोखून बसले होते. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आई मावशीकडे, बाबा वर पेपर तपासत.”

“मग नंतर घातला असशील.”

तो हसत म्हणाला, पण ती हसली नाही. परदेशातल्या एका चाहत्याने हेच चारचौघांत छापलं होतं. बाई खोटारडी आहे, खोकला मागाहून चिकटवलाय. तेव्हापासून तिच्या कॅसेटकडे कोणी ढुंकून बघेना. आता त्या भागाची फिल्मवर काढलेली एक प्रतच कुठल्याशा गोदामात सापडली होती. खोकला असला तर ती खरी. नसला तर झालं.

“असणारच,” दातांची डॉक्टर म्हणाली. “नाहीतर याच्या बसमधून जन्मभर आपण टोमणे खात फिरणार.”

आतल्या खोलीचं दार उघडलं. चष्मेवालीचे बाबा दारात आले. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले.

“सुरू होतोय का तमाशा?”

“हो, बाबा.”

“पत्र्याचे डबे घालून माणसं धावणार. पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही, हे सांगितलं का त्यांना कोणी?”

“सर, तुम्हीपण बसा ना,” बसवाला उठून उभा राहिला. अजूनही राहतो.

“तू बस. तुला पोकळी तेव्हाही कळली नव्हती.”

बाबांनी नेहमीसारखं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि दार लावून घेतलं.

फिल्म लागली. पहिल्या अर्ध्यात तिघं हसून हसून आडवी झाली. दगडाची भिंत टेकताच हलत होती. राक्षसाच्या पाठीची चेन अर्धी उघडी होती. “कवळी उलटी बसवलीय त्याची,” डॉक्टर म्हणाली. “खालची वर. म्हणून चिडलाय बिचारा.”

मग यान आदळलं. स्फोट. पडदाभर धूर. शांतता.

खोकला आला नाही.

बसवाल्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. आवाज पूर्ण वाढवला. धूर, आणि चिडीचूप. मग धूर विरला, ढिगाऱ्यातून एक हात दिसला. त्याची बोटं हळूच मिटली, उघडली. आवाज न करता. मग नावं सुरू झाली.

कप्तान वाचला होता आणि चष्मेवाली खोटी ठरली होती.

बसवाल्याने पडदा बंद केला. त्याचा पक्ष हरला होता, पण त्याला त्याचं सुचेना. “अगं, जिंकलीस ना तू. जिवंत आहे तुझा कप्तान.”

“खोकला नाहीये.”

“नसू दे.”

“मी घातला नव्हता.”

“बरं.”

“बरं काय? बरं म्हणजे पटलं नाही तुला.”

तो गुडघे चोळत बसला. डॉक्टरने उगाच रिकामे कप गोळा केले, परत होते तिथे ठेवले.

“आपल्या माणसांत कसलं आलंय खरं-खोटं,” ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिलाच ते लागलं.

चष्मेवालीने फोन हातात घेतला. “लिहून टाकते त्या परदेशातल्याला. तुझं बरोबर होतं म्हणून.”

“आज नको,” बसवाला म्हणाला.

“उद्या काय खोकला उगवणार आहे?”

ती लिहू लागली तोच आतलं दार पुन्हा उघडलं. बाबा यंत्र कानात बसवत बाहेर आले. काळा पडदा बघून थबकले, मग तिघांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघत राहिले.

“यान आदळतं तो भाग होता ना आज?” त्यांनी विचारलं.

बसवाला उठायचं विसरला.

“धुरापर्यंतचं मला माहीत आहे,” बाबा म्हणाले. “तुझ्या मागे दाराआड उभा होतो मी. नेमका घसा खवखवला, आणि तू वळून बघशील म्हणून वर पळालो. आता पुढचं एकदाचं सांगा कोणीतरी. वाचला का तो कप्तान?”