मंडईच्या दिवशी कुलूप

बाहेरून दाराला कुलूप घालून धनीराम परसातून वळसा घेत मागच्या दारानं आपल्याच घरात शिरला आणि भिंतीला टेकून बसला. आज गावची मंडई. दिवाळी सरली की झाडीपट्टीत ती गावोगाव भरते. दुपारी बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. मंडईच्या पाहुण्याला आवतण लागत नाही, तो येतोच. यंदा मात्र तो कुलूप बघेल, गेले असतील कुठं म्हणेल आणि दुसऱ्या सोयऱ्याच्या घरी उतरेल, असा धनीरामचा बेत होता.

धनीराम कामाला होता ती तुमसरची राइस मिल दसऱ्यापासून बंद होती. मालक ना काढून टाकलं म्हणे, ना कामावर या म्हणे. बोलावू तेव्हा या, एवढंच. ते बोलावणं उद्या येईल की कधीच नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यात भर म्हणजे केशवराव. गल्लीच्या टोकाला राहणारे हे गृहस्थ रोज सकाळी स्वतःचा चहा होण्याआधी विचारून जायचे, मिल सुरू झाली का? धनीरामला भुकेचं भय नव्हतं, घरात तांदूळ होते. त्याला भय होतं त्या प्रश्नाचं. आज तोच प्रश्न सगळ्या सोयऱ्यांसमोर येणार आणि आपल्याला मान खाली घालावी लागणार, या विचारानं दोन दिवस त्याला घास गोड लागला नव्हता.

त्याची बायको निर्मला हे सोंग सकाळपासून मुकाट्यानं पाहत होती. पण त्यानं गुड्डीला, दहा वर्षांच्या पोरीला, आवाज करू नको म्हणून खिडकीखाली बसवलं तेव्हा तिला राहवेना.

"मिलच्या मालकानं त्याच्या दाराले कुलूप लावलं," ती म्हणाली. "आपल्या दाराले तुमी कायले लावता?"

धनीरामनं तोंडावर बोट ठेवलं. ती उठली आणि तिनं चूल पेटवली. धूर दिसेल, धूर दिसेल, असं तो दबक्या आवाजात विनवू लागला, तर तिनं आणखी दोन काटक्या आत सारल्या.

तेवढ्यात बाहेर ओट्यावर पिशवी टेकली. गुड्डीनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. करडी गावची गोदावरी आत्या, धनीरामच्या बापाची बहीण. सत्तरीची बाई एसटीनं धक्के खात आली होती. तिनं कुलूप हलवून पाहिलं. मग कौलांतून निघणारा धूर पाहिला आणि ओट्यावर पाय पसरून निवांत बसली.

केशवराव हजर झालेच. न आले असते तरच नवल. मिल बंद पडली आहे, धनीराम कुठं तरी तोंड लपवून बसला असेल, इथं ताटकळू नका, आमच्याकडे दोन घास खा, असं त्यांनी अगदी मायेनं सांगितलं.

"मिल बंद हाय, मले मालूम हाय," आत्या म्हणाली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच. "म्हणूनच त आली मी. मिल चालू राहाते तवा त कोनीबी येते."

आत धनीरामच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. आणि लाजेमागून राग आला, स्वतःचाच. त्यानं चुलीकडे पाहिलं. निर्मलानं रोजचं पातेलं बाजूला सारून मंडईचं मोठं गंज काढलं होतं आणि कोणाला काही न विचारता त्यात भाताचं आधण ठेवलं होतं.

तो उठला. खिशातली चावी काढून त्यानं खिडकीच्या गजांतून हात बाहेर घातला.

"आत्या, चावी घे."

आत्यानं चावी घेतली. दार उघडून ती आत आली, पिशवीतली वांगी सुपात ओतली आणि रिकाम्या पिशवीत ते कुलूप टाकलं. आमच्या बकऱ्यांच्या कोठ्याला हवंच होतं, म्हणाली.

धनीरामनं दोन्ही कवाडं भिंतीला टेकेपर्यंत लोटली. मंडईला निघालेली माणसं रस्त्यानं चालली होती आणि त्यांच्या मधोमध केशवराव तसेच उभे होते. त्यांनी तोंड उघडण्याआधी धनीराम ओट्यावर आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"मिल सुरू नाई झाली, केशवराव. जेवाले या."