त्या आईची सही

पाळणाघराच्या बाईंनी तक्रारीचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चौदा सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "यातल्या कुणाच्या मुलाला मावशींनी झोपेचं औषध पाजलंय?"

ढम्याची आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. कागद तिनेच लिहिला होता. पहिली सही तिचीच.

"सगळ्यांना माहीत आहे, बाई."

"माहीत आहे, की ऐकलंय?"

तिने कागदावरच्या सह्यांकडे बोट दाखवलं. शेजारच्या खोलीत मावशी कुणाला तरी गोष्ट सांगून भरवत होत्या. वर्षभर याच आवाजाच्या भरवशावर तिने निवांत नोकरी केली होती. आता तोच आवाज ऐकताना वाटीत काय कालवलं असेल, असं तिच्या मनात आलं.

"नऊ वर्षं आहेत त्या माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "ज्या आईच्या बाबतीत हे घडलं, तिला माझ्यासमोर आणा. तिची सही झाली की मावशी घरी, आणि पोलिसांत मी स्वतः जाईन. शुक्रवारपर्यंत वाट बघते. नाही आली, तर कागद फाडून टाकीन."

ती ढम्याचे जादा कपडे घेऊन निघाली. आठवडाभर रजा टाकून तिने त्याला घरीच ठेवलं होतं. दारात मावशी उभ्या होत्या, हातात वाटी तशीच.

"कागद तुम्ही लिहिलात ना, ताई? अक्षर ओळखलं मी. ढम्याच्या डब्यावर रोज चिठ्ठी असते तुमची."

"ढम्याबद्दल नाही ते, मावशी. त्या दुसऱ्या बाळाबद्दल आहे."

"कुठल्या बाळाबद्दल? मला दाखवा तरी."

ती पायऱ्या उतरली.

पहिल्यांदा शेजारणीने सांगितलं होतं, तेव्हा तिने उडवून लावलं होतं. कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली मुलगी ती. अफवा कशा पसरतात यावर तिने प्रकल्प केला होता. मग औषधाच्या दुकानदाराने तेच सांगितलं: अकरा महिन्यांची मुलगी, दुधात औषध, संध्याकाळपर्यंत डोळा उघडला नाही. एकाच तोंडून दोनदा ऐकलं तर माणूस हसतो. दोन तोंडांतून एकेकदा ऐकलं, तर घरी जाऊन मुलाला छातीशी धरतो.

आणि मग तिला आठवलं. गेल्या महिन्यात ढम्यासुद्धा पाळणाघरात दुपारी झोपला तो चार तास उठला नव्हता.

"तेव्हा त्याला सर्दी होती ना?" नवरा म्हणाला होता.

"सर्दीने कुणी चार तास झोपतं?"

"मी झोपतो."

"तू सर्दी नसतानाही झोपतोस."

तो हसला. तिला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी ती आणायला गेली तेव्हाचा ढम्याचा चेहरा आता तिला निराळाच आठवू लागला होता. पांढराफटक. खरं तर तो तसा होता की नव्हता, हे तिला सांगता आलं नसतं.

बुधवारी तिने शोध सुरू केला. शेजारणीला शिवणवालीने सांगितलं होतं. दुकानदाराने बायकोकडून ऐकलं होतं, आणि तिलाही शिवणवालीनेच सांगितलं होतं. दोन तोंडांचं एकच तोंड निघालं. तिच्या मनात आलं ते इतकंच, की चला, एक फेरी वाचली.

शिवणवाली तोंडातली टाचणी काढून म्हणाली, "खोटं कशाला सांगू? त्या आईने स्वतः लिहिलेला मेसेज मी या डोळ्यांनी वाचलाय. औषध, दूध, मावशी, सगळं होतं त्यात."

"लिहिलेला? कुणाकडे आहे?"

"तुमच्या नणंदबाईंकडेच की! ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या, तेव्हा दाखवला."

म्हणजे पुरावा घरातच! सहीसुद्धा लागणार नाही आता, मेसेजच बाईंपुढे ठेवायचा. शुक्रवारी सकाळी ढम्याला कडेवर घेऊन ती नणंदेच्या दारात उभी राहिली.

"ताई, तो पाळणाघराचा मेसेज हवाय मला. मावशी मुलांना औषध देतात तो."

"कोण देतं औषध?" नणंदेने ढम्याला कडेवर घेतलं. "आलं माझं ढमढोल! असला मेसेज मला कुठे आलाय?"

"शिवणवालीला दाखवलात ना तुम्ही? एका आईचा. आठवा ना, ताई. एका बाईची नोकरी जाईल नाही तर राहील, असं आहे. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"शिवणवालीला? अगं, तिला मी हसायला म्हणून काहीतरी..." नणंद थांबली. ढम्याला खाली ठेवून तिने फोन उघडला आणि मेसेज मागे मागे सरकवत नेले. एका ठिकाणी तिचं बोट थबकलं. तिने एकदा वाचलं, मग भावजयीकडे पाहिलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

"ताई, आज ढम्याला सकाळी सर्दीचं औषध देऊन पाठवलं, तर पठ्ठ्या चार तास ढाराढूर! मावशींना म्हटलं, आता रोज तुम्हीच दोन थेंब दुधात घालत जा, म्हणजे तुम्ही सुटलात आणि मीही सुटले."