समन्वयाचं यश

“गावातल्याच एका मावशीने कामाला लावते म्हणून विकलेली ही मुलगी आज सुखरूप आहे, ती आपल्या चार खात्यांच्या समन्वयामुळे,” व्यासपीठावरून साहेब म्हणाले आणि ओढणीने तोंड झाकलेल्या त्या मुलीच्या हातात नारळ दिला. तिच्या शेजारी कोणी उभं राहायचं यावरून फोटोला तेवढा उशीर झाला.

जेवणं उरकली, तशा दारात गाड्या लागल्या. पोलिसांना वाटलं, तिला महिला-बालविकासवाले बालगृहात सोडतील. बालविकासच्या मॅडम कामगार खात्याच्या गाडीकडे बोट दाखवून निघाल्या. कामगार अधिकारी म्हणाले, “मुलगी समाजकल्याणकडे आहे ना?” समाजकल्याणची गाडी तर आभारप्रदर्शन सुरू होताच गेली होती.

ती नारळ धरून पायरीवर उभी राहिली. सभागृहाला कुलूप लावून शिपायाने स्वतःचा मोबाइल पुढे केला. “घरच्यांना फोन लाव, पोरी.”

आईकडे फोन नव्हता. दारावरच्या फलकावरचा हेल्पलाइनचा नंबर लावला, तर सगळ्या लाइनी व्यस्त. तिला पाठ असलेला एकच नंबर होता.

मावशीने पहिल्याच रिंगला उचलला. “जेवलीस का गं? तिथेच थांब, गाडी पाठवते.”