सातू आणि पाणी

आमटीत आजही गूळ होता. नाथाजीनं पहिला घास कसाबसा गिळला आणि वाडगा पुढं सारला.

"काय झालं रं?" बिराप्पानं विचारलं.

"गोड हाय."

"गुऱ्हाळात बसून गुळाचा राग?" बिराप्पा हसला. तो गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरायचा ते नुसत्या वासावर सांगायचा, आणि गुळाचा खडा जिभेवर ठेवून ऊस कुठल्या रानातला ते ओळखायचा. कराडपासून पार तासगावापर्यंत त्याच्या जिभेला मान होता. हाड मात्र नव्हतं. "आरं, सयाजीला आशीच लागायची आमटी. त्यो तर वरनं आनखी गूळ मागायचा."

टोपली आवरणारी चंद्राबाई क्षणभर थांबली. मग तिनं नाथाजीचा वाडगा भाकरीनं झाकून टोपलीत ठेवला.

सयाजी नाथाजीचा थोरला भाऊ. नाथाजी पलटणीत हवालदार होऊन इटलीत लढत असताना तो हिवतापानं गेला. लढाई संपून नाथाजी घरी आला, तर म्हाताऱ्या आईनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. भावाच्या विधवेशी, चंद्राबाईशी, त्याचा पाट लागला, त्याला आता चार महिने झाले. आठ वर्षं जिला वैनी म्हटलं, तिला काय हाक मारावी हे त्याला अजून सुचलेलं नव्हतं. काम पडलं की तो नुसता खाकरायचा. गुऱ्हाळाच्या राखणीचं निमित्त काढून निजायलाही इथंच खोपीत असायचा, पलटणीतली पेटीसुद्धा त्यानं इथंच आणून ठेवली होती. आणि जेवायला रोज भावाच्या आवडीची आमटी. आपण कुणाचा संसार करतोय, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

तो ताडकन उठला आणि खोपीतून बाटली घेऊन आला. पलटणीतून सुटताना साहेबानं दिलेली. साहेबाच्या चुलत्याची विलायतेत दारूची भट्टी होती.

"ह्ये चाख," तो बिराप्पाला म्हणाला. "सातू आनि पानी, बास. बारा वरसं लाकडी पिपात ठिवत्यात. साहेबानं छातीवर हात ठिवून सांगितलंया, हिच्यात कुनाची भेसळ न्हाई."

बिराप्पानं जर्मन धातूच्या पेल्यात बोटभर ओतून घेतली. आधी हुंगली. मग थेंबभर जिभेवर घेऊन टाळूला लावली आणि डोळे मिटले.

"मनुका हायत," तो अखेर म्हणाला.

"काय?"

"मनुका. मागनं जरा अंजीर. सातू आसंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पर मनुका आदी येत्यात."

नाथाजीनं पेला हिसकावून घोट घेतला. पोटापर्यंत आग उतरत गेली, आणि ती विझल्यावर तोंडात खरोखरच मनुकांची चव राहिली. त्याला साहेबाचा राग आला. मग रागाचाच राग आला. गोळ्यांच्या वर्षावात सगळ्यांच्या पुढं चालणारा माणूस एका बाटलीपायी खोटं कशाला बोलेल? त्यानं बाटली फिरवून तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. पलटणीत शिकलेली रोमन अक्षरं एकेक करून जुळवली.

"शेरी," तो म्हणाला. "व्हय, साहेब म्हनला हुता खरा, पीप शेरीचं आस्तंय म्हनून. शेरी म्हंजी द्राक्षाची दारू. पर ती समदी काढून घेत्यात आनि मग ह्ये भरत्यात. पीप रिकामं आस्तंय की गड्या! मग मनुका आल्या कुटनं?"

एक नावाजलेला गुळव्या आणि एक हवालदार, दोघंही खुळ्यासारखे बाटलीकडं बघत राहिले.

चंद्राबाई जवळ आली. पेला उचलून तिनं नुसता वास घेतला.

"लोनच्याच्या बरनीत तूप ठिवून बगा," ती म्हणाली. "बरनी कितीबी घासा, आदीचं जातंय व्हय कुटं? आनि ह्ये तर लाकूड."

काहिलीत रस रटरटत होता.

"वाईट लागतंया का?" तिनं विचारलं. बिराप्पाला नव्हे, नवऱ्याला.

नाथाजीनं तिच्या हातातून पेला घेऊन उरलेला घोट तोंडात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला. "लय चांगलं लागतंया. त्येच तर कळंना."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि बांधाची वाट धरली. नाथाजी खाकरला. ती चालतच राहिली. तो आणखी एकदा खाकरला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"चंद्रा!"

ती जागच्या जागी थांबली. बिराप्पा उगाच काहिलीतली मळी काढायला उठला.

"आमटी दे," नाथाजी म्हणाला. "भूक लागलीया."

चंद्राबाई परत आली. टोपली उतरवून तिनं भाकरीखालचा वाडगा काढला, पण हातातच धरला.

"गोड हाय," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "तशीच दे."