होडीतली बाई

"यातली पानं गळालीत," असं म्हणून शाळेच्या बसवरच्या मावशींनी पुस्तक ग्रंथपालबाईंसमोर ठेवलं. "आधीच्या दोन भागांतलीही गळालेलीच असणार."

ग्रंथपालबाई नाकावर माशी बसू देणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि आपल्या पुस्तकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि पान न् पान उलटून पाहिलं. शिवण घट्ट होती, पानांचे आकडे ओळीनं होते.

"एक पान कमी नाही, मावशी. या जादूच्या शाळेच्या गोष्टींवर पोरांच्या उड्या पडतात, तरी डोळ्यांत तेल घालून जपलीय मी ही मालिका."

"मग होडीतली बाई कुठं गेली?"

"कुठली बाई?"

दुपारची बस सुटायला अवकाश होता. मावशी खुर्ची ओढून बसल्या. "अहो, असं काय करता? पोरांना शाळेत नेणारी ती उडती होडी नाही का? तिच्यातली ती जाडी बाई. रडक्या पोराला आधी मांडीवर घेते. तिला जादूबिदू काही येत नाही, पण 'बसले का सगळे?' असं ती ओरडल्याशिवाय होडी जागची हलत नाही. खुद्द हेडमास्तर तिला टरकून असतात!"

ग्रंथपालबाईंना हसू आवरेना. "मालिका पाठ आहे मला. होडी आपली आपण उडते. तिच्यात बाईच नाही."

"आहे. आमच्या बसमधल्या पोरीनं सांगितलंय. रोज माझ्या शेजारी बसून सांगायची. ती कशाला खोटं बोलेल?"

ग्रंथपालबाईंनी मावशींकडे नीट पाहिलं. गळ्यात शिट्टी, ऐसपैस मांडीवर बसमध्ये कुणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. ती बाई कुठून आली हे त्यांना तेव्हा कळलं. पण बोलून दाखवणं जिवावर आलं.

"मग तिलाच विचारा ना," त्या एवढंच म्हणाल्या.

"कुठून विचारू? तिच्या वडलांची बदली झाली. गोष्ट अर्धीच राहिली." मावशींनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "तिचा थांबा आला की मी अजून दार उघडायला उठते. ड्रायव्हर हसतो मला. फार आठवण येते हो पोरीची."

"गोष्ट कुठवर आली होती?"

"ही बाई पोरांना फाटकापर्यंतच पोचवते. शाळेच्या आत म्हणून कधी गेलेली नसते, उभ्या जन्मात. मग एक दिवस हेडमास्तर वरच्या खिडकीतून हाक मारतात. म्हणतात, 'बाई, आज तुम्हीही वर्गात बसा.' बाईच्या तोंडचं पाणी पळतं. पण ती केस सारखे करते, कपडे झटकते, फाटकाला हात लावते..."

मावशी थांबल्या. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

"मग? गेली ती आत?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"तेच बघायला तर पुस्तक नेलं होतं," मावशी म्हणाल्या.